बटर पेपरवाला क्लासला जातो: राजारामपुरीतले तीन महिने

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पेढीसाठी मी दागिन्यांचे नमुने काढतो. एकोणीस वर्षं झाली. सामान काय, तर बटर पेपर, पॉइंट फाइव्हची पेन्सिल आणि खोडरबर. दागिन्यातल्या पानाची एक बाजू काढायची, कागद मधोमध दुमडायचा, मागून नखानं घासायचं, की दुसरी बाजू आपोआप उमटते. गेल्या वर्षी धाकटे मालक गल्ल्यावर बसायला लागले आणि म्हणाले, "गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाईन मागतंय. तुम्ही कागदाचा फोटो पाठवता, त्यात नमुन्यापेक्षा तुमच्या अंगठ्याचा डाग ठळक दिसतोय." खरंच दिसत होता. म्हणून कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकवणारा हा क्लास लावला.

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर भरतो. शनिवार-रविवार सकाळी आठ ते दहा, तीन महिने, फी नऊ हजार. नाव लिहीत नाही. जी तक्रार होती ती मी तिथंच तोंडावर सांगितली आहे, चावडीवर आणायचं कारण नाही. बॅचमध्ये चौदा जण आणि पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेली पेननं काढायची पाटी, अकरा. उशिरा येणाऱ्यानं दुसऱ्याच्या शेजारी बसून बघायचं. मी पावणेआठलाच जाऊन बसायचो. बाकी सगळी कॉलेजची पोरं, मी शेहेचाळीसचा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या पुतणीएवढ्या असतील. त्या मला काका म्हणायच्या, मी त्यांना मॅडम.

पहिले दोन आठवडे नुसत्या रेघा आणि गोल. हा टॅबलेट बिनस्क्रीनचा. हात खाली टेबलावर आणि नजर वर मॉनिटरवर. पोरांना दोन दिवसांत जमलं, माझी रेघ मात्र पावसात भिजलेल्या सुतळीसारखी येत होती. त्यात मला पेन्सिल दाबून धरायची सवय. "काका, एवढं दाबू नका, निब झिजतीय. खाली कागद नाही, प्लास्टिक आहे." मॅडमनी क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधलं स्टॅबिलायझर, म्हणजे थरथरती रेघ सावरणारी सोय, आधी भरपूर वाढवून दिलं आणि मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत नेलं. पोराच्या सायकलची मागची बारकी चाकं काढावीत तसं. क्रिता फुकट आहे आणि क्लास त्यावरच शिकवतो. घरी सराव करायला महिन्याचं भाडं भरावं लागत नाही, याचे मी पैकीच्या पैकी मार्क देतो.

दुसरा प्रोजेक्ट तांब्याचा तांब्या. नऊ हजारांतले निम्मे पैसे माझे इथंच वसूल झाले.

मी सावली काळ्या रंगानं दिली. दागिन्याच्या नमुन्यात तसंच करतो, कारागिराला उठाव कळला की झालं. मॅडमनी विचारलं, "तांब्यावर काळं कुठं दिसतंय?" बघितलं तर सावली गर्द तपकिरी, लालसर, आणि पोटाच्या उजव्या कडेला खिडकीतल्या आभाळाची निळसर पट्टी. तांब्याच्या पोटात अख्खी खिडकी होती आणि मला ती दिसली नव्हती. मग सावलीचा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, मल्टिप्लायवर टाकून (खालचा रंग दिसत राहतो, फक्त गडद होतो) पुन्हा बसलो. हे जमलं. पण त्यानंतर त्यांनी कीबोर्डवर एम दाबला. क्रितामध्ये एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. माझ्या तांब्याची मान एका बाजूला कलंडलेली! परत एम दाबला, तर सरळ वाटतोय. आणखी एकदा, कलंडलेला. पाच-सहा वेळा दाबून बघितलं. माझा हातच डावीकडं झुकतो, आणि एकोणीस वर्षं कागद दुमडून काढल्यामुळं ते कधी उघडंच पडलं नव्हतं. घरी जाऊन जुने बटर पेपर काढले. जे न दुमडता काढले होते ते सगळे डावीकडं!

तिसऱ्या प्रोजेक्टला पात्र रंगवायचं होतं. मी खासबागेतला पैलवान घेतला, तो पैलवानापेक्षा हलवाई दिसला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एका रविवारी सकाळी रंकाळ्यावर नेलं आणि तिथून टाउन हॉलच्या संग्रहालयात, आबालाल रहमान यांची चित्रं बघायला. पोरं मोबाईलवर होती. मी एका चित्रातल्या पाण्यापुढं उभा राहिलो आणि मनातल्या मनात लेयर मोजत बसलो. ही नवीनच खोड लागली आहे.

आता तक्रार. शेवटचा प्रोजेक्ट म्हणजे आपल्या आवडीचं पोस्टर. मी कोल्हापुरी साज घेतला, एकवीस पानं: मासा, कासव, चंद्र, शंख, नाग, भुंगा, मधे जवमणी. सिमेट्रीचं साधन लावलं की एका बाजूला रेघ ओढताच दुसऱ्या बाजूला उमटते, म्हणजे माझा दुमडलेला बटर पेपरच. सलग चार आठवडे बसलो. प्रदर्शनासाठी ए-फोरवर छापा म्हणाले, तेव्हा कळलं की पहिल्या दिवसापासून सगळ्यांना 1080 बाय 1080 पिक्सेलचा कॅनव्हास दिला होता, इन्स्टाग्रामच्या मापाचा. छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, धरलं तर तो जेमतेम साडेतीन इंच भरतो. ए-फोरला 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. ताणून छापलं तर नागाच्या फण्याला पायऱ्या पडल्या. शिवाय स्क्रीनवर झळाळणारा केशरी कागदावर मळकट विटकरी झाला. आरजीबी (स्क्रीनचे रंग) आणि सीएमवायके (छपाईचे रंग) यांतला फरक आम्हाला अकराव्या आठवड्यात सांगितला, म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यातला प्रकार. मी मॅडमना म्हणालो, "हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं." त्यांनी मान्य केलं, वाद घातला नाही. पण एकवीसच्या एकवीस पानं मला परत काढावी लागली. रात्री अकरापर्यंत जागून सात दिवसांत झाली. पहिल्यांदा चार आठवडे लागले होते, तेव्हा हात बसला म्हणायचा.

तेव्हा हा क्लास लावणाऱ्याला माझं सांगणं: शिकवणं चांगलं आहे, बिनधास्त जा, पण पहिल्याच दिवशी विचारा की चित्र कुठं जाणार, मोबाईलवर की कागदावर. लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळत नाही. वही न्या. गाडी लावायला जागा नाही, ती राजारामपुरीत कुणालाच नाही.

गेल्या महिन्यात पेढीसाठी पहिला नमुना कॉम्प्युटरवर काढला, साजातलंच बेलपान, रुंदी सोळा मिलिमीटर. धाकट्या मालकांनी गिऱ्हाइकाला पाठवला, पसंत पडला. प्रिंट काढून कारागीर अण्णांकडं घेऊन गेलो. अण्णा सत्तरीला टेकलेत, कॉम्प्युटरशी संबंध नाही. त्यांनी कागदाकडं नीट बघितलंही नाही, डिव्हायडर उघडून पानावर ठेवला, मग पट्टीवर धरला.

"अर्धा मिलिमीटर कमी आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही, कॉम्प्युटरवर मोजून काढलंय. अण्णांनी डिव्हायडर माझ्यापुढं सरकवला. साडेपंधरा. परत दुकानात येऊन प्रिंटरचं सेटिंग उघडलं, तर फिट टू पेज (चित्र कागदात बसेल असं लहान-मोठं करणारं) चालू, आणि शेजारी बारीक अक्षरात 97 टक्के. शंभर करून दुसरी प्रिंट नेऊन दिली. अण्णांनी तीही मोजली आणि मगच पत्रा हातात घेतला.