रेडमाइन : रबाळ्याच्या पॅनेल कारखान्यातील तीन वर्षांचा अनुभव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवण्याचा कारखाना आहे. माणसे 24 आणि कोणत्याही दिवशी हातात असलेली पॅनेल 40 ते 50. प्रत्येक पॅनेलला ड्रॉइंग, पार्टीची मंजुरी, फॅब्रिकेशन, वायरिंग, टेस्टिंग आणि डिस्पॅच अशा पायऱ्या ओलांडाव्या लागतात. 2022 च्या पावसाळ्यापर्यंत हा सगळा हिशेब एका सामायिक एक्सेल फाइलवर आणि तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर चालत असे. त्या जुलैत एका एमसीसी (मोटर नियंत्रणाच्या) पॅनेलचे रिव्हिजन 2 मंजूर होऊन ग्रुपवर पडले, पण शॉप फ्लोअरच्या टेबलावर रिव्हिजन 1 चीच प्रिंट राहिली आणि तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या) जुन्या मापाने कापले गेले. भंगारात गेलेल्या तांब्याचे वजन साहेबांनी स्वतः काट्याजवळ उभे राहून करून घेतले. ड्रॉइंग विभाग माझ्याकडे आहे आणि संगणकाचे काही बिघडले की हाकही मलाच पडते, त्यामुळे यावर उपाय शोधण्याचे काम माझ्याकडे आले. तो उपाय म्हणजे रेडमाइन : कोणते काम कोणत्या पायरीवर आहे याची नोंद ठेवणारे, ब्राउझरमधून चालणारे सॉफ्टवेअर.

सर्व्हर आपल्याच जागेत हवा, ही अट सुरुवातीलाच पक्की झाली होती. दोन मोठ्या पार्ट्यांच्या पर्चेस ऑर्डरमध्येच ड्रॉइंग बाहेरच्या सेवेवर न ठेवण्याचे कलम होते. जिरा या तशाच कामाच्या सॉफ्टवेअरचा विचार त्यामुळे फार पुढे गेला नाही. अ‍ॅटलासियनने जिराच्या सर्व्हर (आपल्याच संगणकावर चालणाऱ्या) आवृत्तीचे नवे परवाने 2 फेब्रुवारी 2021 पासून बंद केले होते आणि जुन्या परवान्यांचा आधारही 15 फेब्रुवारी 2024 ला संपणार असल्याचे जाहीर केले होते. ओपनप्रोजेक्ट हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर आठवडाभर चालवून पाहिले. ते दिसायला देखणे आहे, पण आमच्या 8 जीबीच्या मिनी पीसीवर जड वाटले. गंमत अशी की तेही मूळचे रेडमाइनच्याच घरातले आहे. रेडमाइनमधून 2011 मध्ये चिलीप्रोजेक्ट वेगळे निघाले आणि त्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट झाले. शेवटी आम्ही मूळ घराकडेच गेलो.

रेडमाइन 2006 पासून आहे. ते रूबी ऑन रेल्स या वेब-साधनसंचावर लिहिलेले असून जीपीएल या मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. त्याचे रूप आजही साधारण त्या काळातलेच वाटते, आणि पहिल्या दिवशी आमच्या डिस्पॅचच्या मॅडमनी 'हे बँकेच्या जुन्या साइटसारखे आहे' असा शेरा दिला तो खोटा नव्हता. उभारणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डॉकरची (सॉफ्टवेअर तयार बांधणीत चालवणाऱ्या साधनाची) अधिकृत प्रतिमा घेतली तर एका दुपारी काम होते. एवढीच काळजी घ्यावी की डेटाबेस वेगळा जोडला नाही तर ती प्रतिमा आपोआप एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालू लागते, म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल हा मोठा डेटाबेस पहिल्याच दिवशी जोडावे. पहिल्या प्रवेशासाठी नाव आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' असतात आणि पासवर्ड बदलल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही.

पहिल्या आठवड्यात वेळ गेला तो तीन किरकोळ गोष्टींत. कोणी हा मार्ग धरणार असेल तर त्याचे तीन दिवस वाचावेत म्हणून त्या सांगतो. ई-मेलची मांडणी ज्या वायएमएल (सेटिंगच्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहायची असते तिच्यात ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच लागतात. मी एक टॅब मारला आणि सर्व्हर उठेचना. ई-मेल जाऊ लागले तेव्हा त्यांतील दुवे 'लोकलहोस्ट'कडे, म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वतःच्याच संगणकाकडे, नेऊ लागले, कारण सर्वसाधारण सेटिंगमधील होस्टचे नाव मी बदलले नव्हते. तिसरी गोष्ट जोडपत्रांची. रेडमाइनची मूळ मर्यादा 5 एमबी आहे, ती मी 50 एमबी केली, तरी जीए (एकूण मांडणीच्या) ड्रॉइंगची 12 एमबीची पीडीएफ चढेना आणि पडद्यावर 413 क्रमांकाची चूक येत राहिली. दोष रेडमाइनचा नव्हता. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची स्वतःची मर्यादा 1 एमबी असते आणि तीही वेगळी वाढवावी लागते.

रेडमाइन घेण्याचे खरे कारण मला त्याच्या वर्कफ्लोच्या पानावर सापडले. या पानावर एक भूमिका आणि एक ट्रॅकर (कामाचा प्रकार) निवडला की चौकटींचा तक्ता उघडतो. उभ्या बाजूस कामाची सध्याची स्थिती, आडव्या बाजूस पुढची स्थिती, आणि ज्या चौकटीत टिक आहे तेवढीच हालचाल त्या भूमिकेच्या माणसाला करता येते. मूळच्या भूमिका आणि स्थिती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत. त्या काढून मी मराठीत आमच्या लिहिल्या : मंजुरीसाठी पाठवले, मंजूर, वायरिंग चालू, मेगर घेतले (इन्सुलेशनची चाचणी), टेस्टिंग पास, गाडीत चढले. मेनू इंग्रजीच ठेवले आणि कोणाचे काही अडले नाही. 'टेस्टिंग पास'ची टिक फक्त टेस्टिंगच्या भूमिकेला दिली आणि त्या स्थितीतून गेल्याशिवाय पॅनेल गाडीत चढणार नाही असा तक्ता आखला. ड्रॉइंगचे रिव्हिजन हे वेगळे फील्ड केले आणि 'मंजूर' झाल्यानंतर ते वायरमनला केवळ वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी सोयही त्याच पानावर झाली.

हा तक्ता भरायला मला दीड तास लागला, पण त्यात काय भरायचे हे ठरवायला कारखान्याला तीन आठवडे लागले. ड्रॉइंग परत पाठवण्याचा अधिकार कोणाचा, पार्टीने तोंडी मंजुरी दिली तर ती मंजुरी मानायची का, असे प्रश्न आमच्याकडे वर्षानुवर्षे ज्याच्या त्याच्या समजुतीवर चालत होते आणि तक्त्यातील रिकामी चौकट प्रत्येकाचे उत्तर मागत होती. 2023 च्या मार्चअखेरीस त्याची परीक्षा झाली. रात्री आठ वाजता सुपरवायझरांचा फोन आला : "अहो, टेस्टिंगवाले गावी गेलेत, गाडी दारात उभी आहे. तेवढी एक टिक मला देऊन टाका, उद्या काढा." मी साहेबांना विचारतो म्हणालो. साहेबांनी गाडी रिकामी परत पाठवली. पुढे सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आले की सुपरवायझरांना एका प्रोजेक्टमध्ये चुकून टेस्टिंगची भूमिकाही दिली गेली होती, आणि ज्याच्याकडे दोन भूमिका असतात त्याला दोन्हींच्या टिका मिळतात. ती वाट त्यांना ठाऊक नव्हती हे आमचे नशीब. अ‍ॅडमिन खात्याला तर सगळ्याच भूमिकांचे अधिकार एकत्र मिळतात, म्हणून रोजच्या कामासाठी मी माझे साधे खाते वेगळे ठेवले आहे. एखाद्या इश्यूची, म्हणजे नोंदवलेल्या कामाची, स्थिती कोणी, कधी आणि कशातून कशात नेली याची नोंद मात्र त्या इश्यूखाली आपोआप उमटते. बसबारसारखा प्रसंग पुन्हा आला नाही, आणि एकदा येता येता राहिला तो याच नोंदीमुळे.

गँट तक्ता (कामांच्या तारखा पट्ट्यांनी दाखवणारा) आहे, पण त्यातील पट्टी माउसने ओढून तारीख बदलता येत नाही. बाहेरचे प्लगइन (जोडायचे वेगळे सॉफ्टवेअर) घेतले तरच ते जमते. 'याच्या आधी ते' असा संबंध जोडला तर आधीचे काम लांबले की पुढच्याच्या तारखा आपोआप सरकतात, आणि आम्हाला तेवढे पुरते. या तक्त्याचे चित्र काढायचे तर मराठी नावांच्या जागी चौकोन येऊ नयेत म्हणून देवनागरी फाँटचा मार्ग सेटिंगच्या फाइलमध्ये द्यावा लागतो. अधिकृत मोबाइल अ‍ॅप नाही. फोनच्या ब्राउझरवर पान बऱ्यापैकी मावते, पण हातमोजे घातलेल्या वायरमनसाठी बटणे लहानच आहेत, म्हणून शॉप फ्लोअरवर आम्ही एक जुना मॉनिटर भिंतीला लावला. साइटवर गेलेल्या इंजिनिअरांसाठी वायरगार्डचा व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची सुरक्षित वाट) आहे. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही आणि ठेवूही नये.

आता देखभालीचे. ती मी दीड वर्ष नीट करत आहे अशा समजुतीत होतो. रात्री डेटाबेसची प्रत निघत होती, जोडपत्रांच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर जात होती, आणि ती डिस्क दर शनिवारी साहेबांच्या ठाण्याच्या घरी जात होती. 2024 च्या ऑगस्टमध्ये वीज चार वेळा गेली-आली, यूपीएसची बॅटरी आधीच दमलेली होती आणि सर्व्हरची डिस्क गेली. डेटाबेस आदल्या रात्रीपर्यंतचा मिळाला. इश्यू सगळे होते, जोडपत्रांची नावे आणि आकारही दिसत होते, पण शेवटच्या 19 दिवसांतील कोणत्याही ड्रॉइंगवर क्लिक केले की पान सापडत नाही असा निरोप येई. कारण कळल्यावर स्वतःचाच राग आला. त्या महिन्याच्या सुरुवातीला मी 5.0 वरून 5.1 वर गेलो होतो आणि नवी मांडणी नव्या फोल्डरमध्ये केली होती. रात्रीची प्रत मात्र जुन्याच फोल्डरची निघत राहिली. ते फोल्डर जागच्या जागी असल्यामुळे चूक म्हणून कुठेही नोंद झाली नाही.

गेलेल्या डिस्कमधून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने बऱ्याच फाइली काढून दिल्या, आणि तेव्हा रेडमाइनची एक सवय कळली. जोडपत्राच्या नावात देवनागरी अक्षरे असतील तर डिस्कवर ते नाव राहत नाही. तारीख-वेळेचे आकडे आणि पुढे 32 अक्षरांचा एक सांकेतिक गुंता, असे नाव पडते. 'बसबार_सुधारित' हे नाव फक्त डेटाबेसमध्ये असते. म्हणजे नुसते फोल्डर हाती असून भागत नाही आणि नुसता डेटाबेस असूनही नाही. सुदैवाने जोडपत्रांच्या टेबलमध्ये खरे नाव, डिस्कवरचे नाव आणि फाइलची एसएचए-256 खूण (फाइलमधील मजकुरावरून निघणारा ठसा) अशा तिन्ही गोष्टी असतात. त्या खुणेशी ताडून कोणती फाइल धड निघाली आणि कोणती अर्धवट, हे दोन रात्रींत लावता आले. 61 पैकी 52 मिळाल्या. बाकीच्या पार्ट्यांकडून मागून घेतल्या, आणि त्या वेळी फोनवर काय सांगायचे हे साहेबांनी माझ्यावरच सोपवले.

आवृत्ती बदलताना मूळ रेडमाइन फारसा त्रास देत नाही. डेटाबेसचे स्थलांतर चालवा, प्लगइनांचे चालवा, पुन्हा सुरू करा, एवढेच असते. अडतात ती प्लगइने. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेली 6.0 आवृत्ती रेल्स 7.2 वर गेली, थीम ठेवण्याची जागा बदलली, चिन्हेही नवी आली. आमच्या चार प्लगइनांपैकी दोन उठलीच नाहीत. त्यातील एक बनवणाऱ्याने काम सोडून दिलेले होते. आम्ही 2025 च्या गणपतीच्या सुट्टीत 6.0 वर गेलो ते त्या दोन प्लगइनांशिवाय, आणि त्यांची आठवणही फारशी आली नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिले वर्ष एकही प्लगइन घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ई-मेलबाबतही एक लक्षात ठेवावे : जीमेलवरून पाठवायचे तर खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दुहेरी पडताळणी सुरू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तोही रद्द होतो. आमची ई-मेले एकदा याच कारणाने चार दिवस बंद होती आणि कोणीही तक्रार केली नाही, यावरून ती किती वाचली जातात हेही कळले.

खर्च विचाराल तर मिनी पीसी, दोन डिस्क, नवी यूपीएस बॅटरी आणि माझा महिन्यातील एक शनिवार. सॉफ्टवेअरचे पैसे शून्य आहेत, पण तो शनिवार शून्य नाही, आणि ज्या कारखान्यात लिनक्सच्या काळ्या पडद्यासमोर बसायला कोणी तयार नाही तिथे मी रेडमाइन सुचवणार नाही. त्या शनिवारचे काम आता ठरलेले आहे. साहेबांच्या घरून आलेली डिस्क एका जुन्या लॅपटॉपला लावायची, त्यावर डेटाबेस आणि जोडपत्रे दोन्ही उतरवायची, आणि त्याच आठवड्यातले, नाव मराठीत असलेले एखादे ड्रॉइंग उघडून पाहायचे. ते कोणते, हे डिस्पॅचच्या मॅडम ऐनवेळी सांगतात, मला निवडू देत नाहीत.