रात्री कोण उठणार? घरची मावशी, शहरातले केंद्र की कर्जतचा फ्लॅट

आईवडिलांसाठी ‘असिस्टेड लिव्हिंग’, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळेल असे राहण्याचे केंद्र, शोधायला निघालेले बहुतेक जण पहिल्याच फोनवर विचारतात, महिन्याला किती? त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात त्यांच्यासाठी कोणाला किती वेळा उठावे लागते. दुसरी, ते केंद्रात राहायला गेले तर सध्याचे घर रिकामे होणार, की त्यात कोणीतरी राहणारच. मुंबईत निवड पुष्कळशी या दोन उत्तरांवर ठरते. बाग, भजन आणि लायब्ररी त्यानंतर.

त्याच कागदावर सहा कामे मांडा: अंघोळ, कपडे घालणे, संडास-बाथरूमला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. प्रत्येकासमोर ‘स्वतः’, ‘कोणी जवळ उभे राहिले तर’ किंवा ‘दुसऱ्यानेच करायचे’ यांपैकी एक लिहा. केंद्रे काळजीच्या पातळ्या साधारण याच आधारावर पाडतात. हाच कागद प्रत्येक ठिकाणी दाखवला तर मिळणारे दर एकमेकांशेजारी ठेवता येतात. नाहीतर एक केंद्र पहिल्या पातळीचा दर सांगते, दुसरे तिसऱ्या पातळीचा, आणि तुलना भलत्याच दोन गोष्टींची होते.

घर आणि केंद्र: खरे बिल

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे आकडे घालून बेरीज नव्याने करा, पण ओळी गाळू नका. ब्युरो म्हणजे मदतनीस पुरवणारी एजन्सी, आणि मावशी म्हणजे तिने पाठवलेली चोवीस तासांची बाई. माणूस असा धरला आहे: वय ८२, अंघोळ-संडासला मदत लागते, डायपर आहे, बोलणे-चालणे बऱ्यापैकी.

| बाब (दरमहा) | घरी, ब्युरोची मावशी | केंद्रात |
|---|---|---|
| राहणे-जेवण | किराणा ८,०००. वीज आणि सोसायटी ७,००० | ४८,००० |
| माणसाची मदत | २६ दिवस × १,००० आणि बदलीचे ४ दिवस × १,२०० = ३०,८०० | दुसरी पातळी: १२,००० |
| मावशीचे जेवण | ४,००० | – |
| स्वयंपाक, धुणीभांडी | ७,५०० | – |
| जीएसटी १८ टक्के | – | १०,८०० |
| डायपर, रोज ४ | ४,८०० | ४,८०० |
| औषधे | ४,००० | ४,००० |
| फिजिओ, १० वेळा | ८,००० | ६,००० |
| डॉक्टरची फेरी | – | १,००० |
| एकूण | ७४,१०० | ८६,६०० |

केंद्राने फोनवर ६०,००० सांगितलेले असतात. हातात पडते ते बिल ८६,६०० चे. खोटे कोणीच बोललेले नसते. दरपत्रकाच्या तळाशी ‘अधिक जीएसटी’ आणि ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू वेगळ्या’ एवढे छापलेले असते. म्हणून दर विचारू नका. याच प्रकृतीच्या एखाद्या रहिवाशाचे गेल्या महिन्याचे बिल, नाव झाकून, बघायला मागा. काचकूच करणारे केंद्र यादीत खाली टाका.

वरवर पाहता घर साडेबारा हजारांनी स्वस्त. आता दुसरा प्रश्न. वन-बीएचके ३२,००० ने भाड्याने गेला तर वर्षाचे ३,८४,०००. त्यातून रिकामा महिना किंवा दलाली म्हणून ३२,००० आणि सोसायटीचे ४८,००० वजा करा. उरतात ३,०४,०००, म्हणजे महिन्याला सुमारे २५,३००. हे वळते केले की केंद्राचा निव्वळ भार ६१,३०० होतो आणि पारडे फिरते. मात्र बाबा केंद्रात आणि आई घरीच, किंवा मुलगा-सून त्याच घरात, असे असेल तर भाडे शून्य, दोन चुली आणि केंद्राचे बिल पूर्ण. अशा घरांना केंद्र परवडते की नाही हे निव्वळ दर बघून कळत नाही, आणि अशी घरे मुंबईत पुष्कळ दिसतात.

आता रात्र. चोवीस तासांची मावशी म्हणजे रात्रीही घरात असलेली मावशी, रात्रभर जागी असलेली नव्हे. एकदा-दोनदा उठणे ती निभावते. तीन-चारदा उठावे लागले, किंवा विस्मरणामुळे आजी रात्री दोनला दार उघडून निघाल्या, तर आठवड्याभरात मावशी आजारी पडते किंवा न सांगता गावी जाते. मग दोन पाळ्या घ्याव्या लागतात: ९०० प्रमाणे दोघींचे महिन्याला ५४,०००. ३०,८०० च्या जागी ५४,००० आले की घरचे बिल ९७,३०० वर जाते. म्हणजे भाड्याचा विचार न करताही केंद्र स्वस्त. तेव्हा ज्या महिन्यात रात्रीची दुसरी पाळी कायमची होते, त्या महिन्यात केंद्रे बघायला लागावे. फ्रॅक्चर होऊन हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाल्यावर निवड करायला दोन दिवस मिळतात, आणि दोन दिवसांत मिळते ते रिकामे असते म्हणून मिळते.

घराची बाजू पैशापलीकडे भक्कम असते हेही खरे. स्वतःचा पलंग, खिडकीतून दिसणारी तीच गल्ली, शेजारच्या काकूंची रोजची हाक. ज्यांची रात्र शांत जाते आणि घरात दुसरे कोणी आहे, त्यांनी केंद्राच्या वाटेला जाण्याची घाई करू नये. त्याऐवजी दोन ब्युरोंकडे नोंद करून ठेवा, कारण एकाच ब्युरोकडे गणपतीत आणि मे महिन्यात बदली मिळत नाही. मावशीचे आधार आणि पोलीस पडताळणी ब्युरोने केली आहे का, हे तोंडी न ऐकता कागद बघून ठरवा.

केंद्र बघायला जाताना

दुपारी चारला जाऊ नका. तेव्हा सगळे चहाला छान बसलेले असतात. पाळी बहुतेक ठिकाणी सकाळी आठ आणि रात्री आठला बदलते. रात्री साडेसातला जा आणि साडेआठपर्यंत थांबा. गेलेल्या पाळीने आलेल्या पाळीला काय सांगितले, वहीत काय लिहिले, आणि आठनंतर किती माणसे उरली हे दिसते. ‘चारास एक’, म्हणजे चार रहिवाशांमागे एक मदतनीस, असे जे गुणोत्तर सांगतात ते दिवसाचे असते. विचारायचे ते असे: रात्री दोनला या मजल्यावर किती मावशी आणि किती मामा (पुरुष मदतनीस) जागे असतात, आणि सिस्टर इमारतीत असते की फोनवर? परवानगी घेऊन एखाद्या खोलीची बेल दाबा आणि घड्याळ बघा.

अंथरुणाला खिळलेला रहिवासी असेल तर त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवल्याची नोंद मागा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, बरोब्बर दोन-दोन तासांच्या असतील तर त्या सकाळी बसून भरलेल्या आहेत. बेडसोर तिथूनच सुरू होतो.

कागद थोडेच, पण बघायचेच. अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. ताजा आहे का ते बघा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये किंवा जुन्या बंगल्यात चालणाऱ्या केंद्राबाबत हा प्रश्न आधी, कारण तिथे जिना एकच असतो आणि वरच्या मजल्यावरचे कोणी स्वतः उतरू शकत नाहीत. स्वयंपाकघराचा एफएसएसएआय परवाना भिंतीवर असतो. सलाईन, ऑक्सिजन, नळीतून जेवण असे काही तिथे देतात असे सांगितले, तर नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का ते विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी.

करारात चार जागा पेन्सिलीने खुणा करून वाचा. दरवाढ: ८ टक्क्यांचे कलम असेल तर ६०,००० चे पाचव्या वर्षी सुमारे ८१,६०० होतात, आणि पाच वर्षांची बेरीज सुमारे ४२.२४ लाख, तीही जीएसटी सोडून. पातळी बदल: दुसरीतून तिसरीत कोण ठरवते, आणि तुमच्या डॉक्टरचे मत धरतात का? हॉस्पिटलमध्ये असतानाचे दिवस: जेवणाचे पैसे वजा होतात की पूर्ण आकारणी होते? आणि बाहेर काढण्याचे कलम. ‘इतर रहिवाशांना त्रास’ एवढ्या मोघम शब्दांवर तीस दिवसांत न्या म्हणत असतील, तर विस्मरणाच्या रुग्णाला ती जागा नको. रात्री ओरडणे हा त्या आजाराचाच भाग आहे.

डिपॉझिट परत किती दिवसांत आणि काय कापून, हे आकड्यात लिहून घ्या. ‘ना परतावा प्रवेश शुल्क’ वेगळे असेल तर ते राहण्याच्या महिन्यांत भागून बघा. तीन लाख शुल्क आणि दोन वर्षे मुक्काम म्हणजे महिन्याला १२,५०० जास्तीचे.

कर्जत-नेरळ, पुणे आणि ट्रस्टचे आश्रम

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीतला फ्लॅट ही वेगळीच गोष्ट आहे. पुण्यातले ‘अथश्री’ मराठी घरांत परिचित आहे, आणि कर्जत, नेरळ, पनवेल पट्ट्यातही ज्येष्ठांची घरे मिळतात. ते घर आहे, काळजी नव्हे. ६८ व्या वर्षी जोडीने गेलात तर छान; ८१ व्या वर्षी अंघोळीला माणूस लागायला लागला की त्या फ्लॅटमध्येही मावशी ठेवावीच लागते, आणि कर्जतला ती ठाण्यापेक्षा कठीणच. लोकलने सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, दोन तास. मुलगी बोरिवलीला असेल तर रविवार त्यातच जातो. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली: उतार, व्हीलचेअर मावणारी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटरचे दरवाजे वगैरे. जाहिरातीत ‘सीनियर’ शब्द असला तरी या गोष्टी विक्रीकरारात आहेत का ते बघा. पुनर्विक्री ठरावीक वयावरच्यालाच करायची अट असते. वारसांना ती नंतर कळते.

ट्रस्टचे वृद्धाश्रम स्वस्त, कित्येक उत्तम, आणि प्रतीक्षायादीही तशीच. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने ६० वर्षांवरील रहिवाशाकडून राहणे-जेवणासह महिन्याला २५,००० पर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही. पण बहुतेक ठिकाणी प्रवेशाची अट ‘स्वतःचे स्वतः करणारे’ अशी असते, आणि अंथरुणाला खिळल्यावर घरी नेण्याचे हमीपत्र आधीच लिहून घेतात. त्या दिवसाची सोय वेगळी करावी लागते.

पैसा कुठून

मेडिक्लेम यातले काही देत नाही. अंघोळ, कपडे, चालणे यांसाठीची मदत, घरी असो वा संस्थेत, पॉलिसीतल्या एक्सक्लुजन कोड ०५ मध्ये स्पष्ट वगळलेली आहे. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच आहे, तेही हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरच. म्हणून केंद्रात गेल्यावर हप्ता बंद करण्याची चूक करू नका.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांची मर्यादा. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,०००, म्हणजे महिन्याला २०,५००. हे व्याज मात्र तीन महिन्यांनी येते आणि बिल दरमहा, तेव्हा एका तिमाहीची रक्कम खात्यात पडून राहू द्या. २२,००० पेन्शन, हे व्याज आणि वरचे निव्वळ भाडे मिळून ६७,८०० होतात. ८६,६०० च्या बिलाला दरमहा १८,८०० कमी. हा खड्डा भावंडांपैकी कोण किती भरणार हे प्रवेशाआधी लिहून ठरवा. पहिले सहा महिने सगळे देतात.

रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहते घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक पैसे घेत राहणे, अनेकांना सुचते. ते इथे चालत नाही: कर्जदार कायमचा राहायला दुसरीकडे, म्हणजे केंद्रातही, गेला की कर्ज फेडायची वेळ येते. ती योजना घरीच राहणाऱ्यासाठी आहे. घर विकून डिपॉझिट भरणार असाल तर परतीचे डिपॉझिट म्हणजे नवे घर नव्हे. नवे घर घेतल्यावर मिळणारी भांडवली नफ्याची करसूट त्यावर मिळत नाही. भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स नोंदवाच. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचे शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

या सगळ्याला आईची सही लागते, आणि इथेच बहुतेक घरे उशीर करतात. विस्मरण वाढून समज गेली की कुलमुखत्यारपत्रही कायद्याने संपते. आजाराचे निदान झाले त्याच महिन्यात बँक खाती संयुक्त करा, मुदत ठेवींवर दुसरे नाव घाला, मृत्युपत्र डॉक्टरच्या दाखल्यासह नोंदवा. घर मुलाच्या नावे करायचेच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट शब्दांत लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते पुढे रद्द करून घ्यायला तीच अट कामी येते. त्याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहभत्ता मागता येतो. कुठे जायचे कळत नसेल तर एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४५६७.

सही करण्याआधी एक महिना ट्रायल म्हणून राहू द्या, आणि सहाव्या-सातव्या दिवशी न सांगता भेटा. नखे कापलेली आहेत का, ऐकण्याच्या यंत्रात सेल आहे का, कवळी तोंडात आहे की पेल्यात, चष्मा स्वतःचाच आहे का. व्यवस्थापकाला एक प्रश्न अवघड वाटला तरी विचारा: रात्री इथेच मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ए वर, सही करायला कोणता डॉक्टर येतो, किती वाजेपर्यंत?