२६० दिवस माया कॅलेंडर वापरून पाहिलं

१८ जानेवारी २०२५ च्या शनिवारी मी स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी दोन खिळे ठोकले आणि पुठ्ठ्याच्या दोन चकत्या अडकवल्या. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं हे २६० दिवसांचं कॅलेंडर: एकीवर १ ते १३ आकडे, दुसरीवर २० दिवसांची नावं. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी दोन्ही एकेक घर पुढे सरकवायच्या, एवढंच काम. १३ आणि २० मध्ये सामाईक अवयव नाही, त्यामुळे तीच जोडी परत यायला २६० दिवस लागतात. सुरुवात केली तो दिवस होता ८ चुएन. ग्वाटेमालातले कीचे माया त्याला ८ बात्स म्हणतात आणि त्यांच्या मोमोस्तेनांगो गावात याच दिवशी चक्राचा सोहळा होतो, म्हणून मीही तोच मुहूर्त धरला. ५ ऑक्टोबरला ८ चुएन परत आला. एक फेरी पूर्ण झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी तक्रार. पडताळणीसाठी फोनवर एक ॲप घेतलं होतं. ते पहिल्याच दिवशी ६ मुलुक दाखवायला लागलं, म्हणजे माझ्यापेक्षा दोन दिवस मागे. आठवडाभर मला वाटलं की माझीच चकती सरकली. गोम वेगळीच निघाली. माया दिवस आपल्या तारखेला जोडताना त्यांच्या मोजणीचा शून्य दिवस आपल्या कोणत्या दिवशी पडतो, हे सांगणारा एक आकडा धरावा लागतो: काही अभ्यासक ५८४२८३ धरतात, काही ५८४२८५. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात आजही चालणारी मोजणी पहिल्याशी जुळते. ॲपवाल्यानं दुसरा धरला होता आणि तसं कुठेही लिहिलं नव्हतं. ॲप काढून टाकलं.

याच शोधात सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. ग्वाटेमालातल्या तिकाल या जुन्या माया शहराच्या पहिल्या मंदिरातली एक कोरीव लाकडी तुळई आहे, तिच्यावर कालाकमुल या शत्रुनगरीवर इ.स. ६९५ मध्ये मिळवलेल्या विजयाचा लेख आहे. ते लाकूड चिक्कूचं. हो, आपल्या घोलवडचा चिक्कू मूळचा तिकडचाच. २०१३ मध्ये त्या लाकडाची कार्बन तपासणी प्रसिद्ध झाली आणि लेखातली तारीख आपल्या कोणत्या शतकात बसवायची हा जुना घोळ जवळपास मिटला. दोन दिवसांचं भांडण लाकडानं सुटणारं नव्हतंच, पण शेकडो वर्षांचं सुटलं.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "यात तिथी कुठंय गं?" प्रश्न रास्त होता. मायांच्या शिलालेखांत तारखेनंतर चंद्राचं वय आणि महिना २९ दिवसांचा की ३० चा, हेही कोरलेलं असतं. मीच ते गाळलं होतं. मे महिन्यात तिसरी पट्टी लावली, तेव्हा आईंना जरा हायसं वाटलं.

दीर्घगणना, म्हणजे शून्य दिवसापासून सरलेले एकूण दिवस मोजायची मायांची पद्धत, मात्र रोजच्या वापराला जड आहे. सुरुवातीचा दिवस १३.०.१२.४.११. उजवीकडून पहिलं घर एकाचं, दुसरं २० चं, मग ३६०, ७,२०० आणि १,४४,०००. तिसरं घर ४०० ऐवजी ३६० चं का, इथे डोकं अडतं. वर्षाच्या जवळ राहावं म्हणून तिथे १८ नं गुणलंय. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. फेब्रुवारीत दुधाचा हिशोब मी या पद्धतीनं ठेवला आणि महिनाअखेरीला दूधवाल्यासमोर फजिती झाली. आईंना मात्र काहीच जड गेलं नाही. त्या पापड अजून विसांत मोजतात: तीन विसा आणि वर चार. वीसचा पाया त्यांच्या हातात होताच.

मार्च भारी गेला. मायांचं २६० शिवाय आणखी एक चक्र आहे, ३६५ दिवसांच्या वर्षाचं: वीस-वीस दिवसांचे १८ महिने आणि शेवटी उरलेले पाच दिवस, वायेब. ते अशुभ. त्या दिवसांत लोक केस विंचरत नसत, अंघोळ करत नसत, असं स्पॅनिश बिशप लांदानं सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. (याच लांदानं १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. आज जेमतेम चार उरल्यात.) आई म्हणाल्या, "म्हणजे पंचकच की." माझ्या मोजणीनं वायेब आला २५ ते २९ मार्च. २९ ला अमावास्या आणि सूर्यग्रहण, आपल्याकडे न दिसणारं. ३० मार्चला मायांचं नवं वर्ष लागलं, पोप महिन्याचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी आमच्या दारात गुढी. निव्वळ योगायोग बरं का, यातून बुडालेल्या अटलांटिस खंडाच्या कथांपर्यंत पोचू नका. मायांनी लीप वर्ष धरलं नाही, त्यामुळे हा दिवस चार वर्षांत एक दिवस मागे येतो. लांदाच्या वेळी तो जुलैत पडायचा.

ग्रहणाचा प्रयोगही केला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या ग्रंथालयातल्या माया पोथीत ग्रहणांचं कोष्टक आहे, ४०५ चांद्रमासांचं. त्याचे दिवस होतात ११,९६०, म्हणजे २६० च्या बरोबर ४६ फेऱ्या. कोष्टकातल्या उड्या बहुतेक १७७ दिवसांच्या, मधूनच एखादी १४८ ची. धुळवडीला, १४ मार्चला, चंद्रग्रहण होतं, आपल्याला न दिसलेलं. तिथून १७७ मोजले, तर ७ सप्टेंबर आला. कालनिर्णयात ते ग्रहण छापलेलंच होतं, पण बोटांवर मोजत तिथवर जाण्याची गंमत वेगळी. आईंनी दुपारपासून वेध पाळले. रात्री साडेअकराला गच्चीवर ढगांच्या फटीतून तांबडा चंद्र दोनदा दिसला, तेवढ्यावर भागवलं.

ज्यांना पेरणी, पाऊस, सणवार हवेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. २६० चं चक्र ऋतूंना बांधलेलंच नाही. ते कशावरून आलं, याचं कीचे दिवसमोजे, म्हणजे हे चक्र सांभाळणारे जाणकार, देतात ते उत्तर गरोदरपणाचं. आपल्या 'नऊ महिने नऊ दिवसां'पेक्षा ते थोडं कमी भरतं, पण पाळी चुकल्यापासून धरलं तर जवळपास जमतं. चक्र जुनं किती? ग्वाटेमालातल्या सान बार्तोलोला भिंतीच्या गिलाव्याच्या तुकड्यावर '७ हरीण' हा दिवस रंगवलेला सापडला, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. आणि माया कॅलेंडर संपतं म्हणून २०१२ मध्ये जगबुडी होणार, या अफवेचं म्हणाल, तर मेक्सिकोतल्या पालेंकेच्या शिलालेखात पाकाल राजाच्या राज्यारोहणाचा एक वर्धापनदिन इ.स. ४७७२ पर्यंत पुढे मोजलाय.

दुसरी फेरी करायची की चकत्या काढायच्या, हे ५ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत ठरलं नव्हतं. सहाला कोजागिरी. सकाळी मला उठायला उशीर झाला. ओट्यावर मसाला दुधासाठी केशर भिजत होतं आणि भिंतीवर ९ एब लागलेला होता.