चष्म्याचा नंबर घालवताना पडद्यावर पडणारा प्रकाश : लेझर की आयसीएल?

पुण्यात लेझरने किंवा आयसीएलने (डोळ्यात जादा भिंग बसवून) चष्मा घालवण्याचा विचार करणारे बहुतेक जण 'लेझरने डोळ्याचा पडदा जळणार नाही ना?' असे विचारतात. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या मायक्रोस्कोपच्या दिव्याबद्दल क्वचितच कोणी विचारते. लॅसिक आणि पीआरके या लेझर शस्त्रक्रियांतील एक्सायमर लेझर 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा असून तो कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरात) जिथे पडतो तिथेच शोषला जातो. स्माइल या लेझर शस्त्रक्रियेतील अतिशय लहान स्पंदांचा फेमटोसेकंद लेझर अवरक्त असल्यामुळे काही अंशी पार जातो. परंतु त्याच्या प्रत्येक स्पंदाची ऊर्जा अत्यल्प असते आणि केंद्रबिंदूपुढे किरण फाकत जातात.

दिव्याची गोष्ट वेगळी आहे. प्रकाशाची तीव्रता आणि कालावधी यांचा परिणाम साचत जातो, त्यातही निळा प्रकाश अधिक घातक असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मायक्रोस्कोपच्या प्रकाशाने पडद्याला झालेल्या इजेची नोंद 1983 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. लेझरच्या वेळी बाहुली औषधाने मोठी केलेली नसते आणि प्रत्यक्ष लेझर साधारण मिनिटभरात आटोपतो. आयसीएलमध्ये मात्र बाहुली मोठी केलेली असते आणि घडी घातलेले भिंग आत उलगडून त्याचे चारही कोपरे बुबुळामागे सरकवेपर्यंत दिवा डोळ्यावरच असतो. नैसर्गिक भिंग जागेवर राहत असल्याने अतिनील किरण बरेचसे अडतात, पण तरुण भिंगातून निळा प्रकाश सहज आत जातो.

म्हणून प्रकाशापुरते पाहिले तर लेझरचे पारडे जड आहे. तरीही निव्वळ एवढ्यावरून आयसीएल नाकारणे मला पटत नाही, कारण कॉर्निया पातळ असेल किंवा नंबर फार मोठा असेल, तर लेझरचा आग्रहच अधिक धोक्याचा ठरतो. अशा वेळी दिव्याला निळा प्रकाश गाळणारा फिल्टर आहे का, तीव्रता कामापुरतीच ठेवतात का आणि मध्ये थांबावे लागले तर दिवा मंद करतात किंवा कॉर्निया झाकतात का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू असतील तर तीही सांगावीत.

पीआरकेनंतर दुचाकीवरून उन्हात जाताना गॉगल लावायला सांगतात, तो कॉर्नियावर धूसरपणा येऊ नये म्हणून. पडद्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या नंबरवाल्यांच्या पडद्याच्या कडा मुळातच पातळ असू शकतात, त्यामुळे कोणताही पर्याय निवडला तरी बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.