पाथमध्ये स्पेस आली तर: डबल कोट, छोटं नाव की वेगळं फोल्डर?

दिवाळीत बडोद्याला, दांडिया बाजारात मावशीकडे गेले होते. मावसभाऊ इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फराळाचं ताट पुढ्यात आणि लॅपटॉप मांडीवर. म्हणाला, "ताई, जावा टाकलंय, जावा_होमही सेट केलंय, तरी बिल्ड होत नाही."

जावा_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे जावा कुठल्या फोल्डरात आहे ते इतर प्रोग्रामना सांगणारी नोंद. बिल्ड म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करणं. बघितलं तर व्हेरिएबलच्या खिडकीत त्याने व्हॅल्यू डबल कोटसकट लिहिली होती. पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, स्पेस आहे, मग कोट हवेत, असा त्याचा विचार. पण विंडोज ते कोट व्हॅल्यूचाच भाग धरतं. पुढे बॅच फाइल (कमांड ओळीने लिहिलेली फाइल) आपले कोट लावते, म्हणजे सुरुवातीला दोन कोट शेजारीशेजारी येतात. पहिला उघडतो, दुसरा लगेच मिटतो आणि 'प्रोग्राम फाइल्स'मधली स्पेस उघडी पडते. कोट काढून नवी कमांड विंडो उघडली आणि बिल्ड झालं. जुन्या विंडोला बदललेली व्हॅल्यू कळत नाही, हेही त्याला तेव्हाच समजलं.

म्हणून माझं पहिलं मत: कोट व्हॅल्यूत नकोत, व्हेरिएबल वापरताना हवेत. कमांड प्रॉम्प्टवर सेट करायचं असेल तर नाव आणि व्हॅल्यू मिळून अख्ख्या जोडीला कोट घाला: सेट "जावा_होम=सी:\प्रोग्राम फाइल्स\जावा" (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). असे कोट व्हॅल्यूत शिरत नाहीत आणि शेवटी चुकून राहिलेली स्पेसही चिकटत नाही. व्हेरिएबल कायमचं सेट करणाऱ्या 'सेटएक्स' कमांडचं मात्र वेगळं. तिथे व्हॅल्यूला कोट लावावेच लागतात आणि ते आपोआप गळतात. फक्त पाथच्या शेवटी उलटी तिरकी रेघ ठेवू नका, नाहीतर शेवटचा कोट व्हॅल्यूत जाऊन बसतो. शिवाय सेटएक्स 1024 अक्षरांपुढचं कापून टाकतं, त्यामुळे लांबलचक 'पाथ' व्हेरिएबलला (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) मी त्याने हातही लावत नाही.

लिनक्स किंवा मॅकवर कोट लावायचेच. 'एक्सपोर्ट' लिहून कोट विसरलात, तर स्पेसपर्यंतचाच तुकडा व्हॅल्यू होतो. बॅश या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, वापरतानाही व्हेरिएबलभोवती कोट हवेत, नाहीतर शेल स्पेसपाशी त्याचे दोन शब्द करतं. घरच्या फोल्डरची नागमोडी खूण (~) मात्र कोटाबाहेर ठेवा, आत ती उलगडत नाही.

दुसरा मार्ग विंडोज फोल्डरला स्वतःहून देतं त्या छोट्या नावाचा, 'प्रोग्रा~1'. 'डीआयआर /एक्स' दिलं की ते दिसतं. जुन्या, हट्टी स्क्रिप्टसाठी हे पटकन कामी येतं. पण काही ड्राइव्हवर छोटी नावं बंद ठेवलेली असतात आणि शेवटचा आकडा फोल्डर कोणत्या क्रमाने बनले यावर ठरतो. एका मशीनवर चाललेलं दुसऱ्यावर चालेलच असं नाही. ज्या फाइल मित्रांना द्यायच्या आहेत, त्यांत हे घालू नका.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो: टूल्स मुळातच स्पेस नसलेल्या फोल्डरात टाकायची. जीएनयू मेकसारख्या बिल्ड करणाऱ्या साधनांना कोट लावूनही स्पेस झेपत नाही, तिथे हाच खरा उपाय. आधीच टाकलेलं हलवायचं नसेल तर 'एमकेलिंक /जे'ने जंक्शन करा. जुनं फोल्डर जागेवर राहतं आणि त्याला बिनस्पेसचं दुसरं नाव मिळतं.

मावसभावाची खरी अडचण पुढेच होती. लॅपटॉप घेतला तेव्हा लोकल अकाउंटला नाव आणि आडनाव दोन्ही दिलं होतं, त्यामुळे युजर फोल्डरमध्येच स्पेस. नंतर अकाउंटचं नाव बदललं तरी ते फोल्डर बदलत नाही. ते आम्ही तसंच राहू दिलं. सी ड्राइव्हवर 'टूल्स' फोल्डर केलं, जेडीके (जावाची साधनं) आणि मेव्हन (बिल्ड करणारं साधन) तिथे हलवलं, जावा_होम बदललं आणि प्रोजेक्टही त्याच ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवले. अर्ध्या तासाचं काम होतं. मावशीने तोवर दुसऱ्यांदा चहा ठेवला होता.