६७ ची मस्टँग धुळ्याच्या उन्हात

आधीच सांगतो भो, ज्याला नुसता आवाज आणि टायरचा धूर पाहिजे त्याच्यासाठी ही गाडी नाही. शिरपूरकडच्या आमच्या एका पाहुण्यानं १९६७ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छत मागं उतरत जाणारं मॉडेल) घेतलीय, आणि इंजिन तसंच ठेवून बाकीचं जवळपास सगळं बदलून घेतलंय. पैसा बरोबर जागी घातला असं माझं मत.

इंजिन २८९ क्युबिक इंचाचं व्ही८, म्हणजे ४.७ लिटर. चार बॅरल कार्ब्युरेटरवर (चार तोंडांचा, हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) कंपनी तेव्हा २२५ हॉर्सपॉवर सांगायची, पण तो आकडा ग्रॉस, म्हणजे इंजिन बाहेर काढून, गाडीचा सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेला, त्यामुळे आजच्या गाड्यांशी तुलना करत बसू नका. आता कार्ब जाऊन फ्युएल इंजेक्शन आलंय, चावी फिरवली की लगेच चालू. पेट्रोलचे पाइपपण सगळे नवे, कारण ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुन्या रबराला खातं.

आग्रा रोडला लागलो की मजा कळते. मूळच्या चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स बसवलाय, शंभरच्या स्पीडला पाचवा टाकला की इंजिन एकदम निवांत, आणि गिअर न बदलता पाय दाबला तरी गाडी अशी ओढते की पाठ सीटला चिकटते. पण खरा फरक लळिंग घाट उतरताना. या मॉडेलला चारी चाकांना ड्रम ब्रेकच यायचे, पुढच्या डिस्क ब्रेकचे वेगळे पैसे, आणि ड्रम तापले की पेडल कितीही दाबा, गाडी आपली पुढेच. हिला पुढं डिस्क आणि पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर आहे, समोर ट्रॉलीवाला अचानक आडवा आला तरी सरळ रेषेत थांबली, शेपूट हललं नाही. मागं अजून पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत, पुलाच्या जॉइंटवरून जाताना मागची बाजू थोडी उडते, ते चालवून घ्यायचं.

मे महिन्यात गाडी काढली तरी ॲल्युमिनियम रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅनमुळे टेंपरेचरचा काटा मध्येच. गाडी थंड, आपण गरम, कारण एसी नावालाच आणि गिअरजवळचा पत्रा असा तापतो की चप्पल काढायची सोय नाही. स्टेअरिंग डाव्या बाजूला, त्यामुळे केळीच्या ट्रकमागे अडकलो की शेजारी बसलेल्यानं डोकं बाहेर काढून सांगायचं, "कोनी नही, काढ भो!" ॲव्हरेज विचारू नका.

एकच गोष्ट पटली नाही, गाडी खाली बसवलीय. गावागावातल्या स्पीडब्रेकरवर तिरकी काढली तरी खालून घासते म्हणजे घासतेच. पाहुण्याला म्हटलं मूळ उंचीचे स्प्रिंग टाक, तर म्हणे लूक जातो. लूक राहिलाय खरा, सायलेन्सरला मात्र वेल्डिंग मारून मारून नुसती ठिगळं झालीत.