आमच्या म्हाताऱ्या तिळूचा संसार: सात महिन्यांच्या वापरानंतर

तिळू ही आमची ड्वार्फ हॅमस्टर, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी. आमच्याकडे आली तेव्हा दोन महिन्यांची होती. गेल्या ऑक्टोबरात ती 17 महिन्यांची झाली. ड्वार्फ हॅमस्टर साधारण दीड ते दोन वर्षं जगतो, त्यामुळे हे वय म्हणजे पंच्याहत्तरीच. चाकावरची धावाधाव कमी झाली, पाठीवरचे केस विरळ झाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची पांढुरकी झाक आली. तेव्हापासून तिच्यासाठी जे जे घेतलं, बदललं आणि फेकून दिलं, त्याचा हा अनुभव. घरात म्हातारा हॅमस्टर असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात कामाला आलेली वस्तू प्राण्यांच्या दुकानातली नाहीच. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. दर रविवारी तिळूला स्टीलच्या वाटीत बसवायचं, वाटीचं वजन आधीच शून्य करून ठेवायचं, आणि आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. तरुणपणी ती 42 ग्रॅम होती. नोव्हेंबरात 39, मग पंधरा दिवसांत 36. सहा ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण 42 तले सहा म्हणजे सातवा हिस्सा गेला. 70 किलोच्या माणसाचे दहा किलो उतरले तर घरात धावपळ होईल. फर फुगलेली असते, त्यामुळे नुसतं बघून हे कळत नाही. तिच्याकडे बघून मला तर ती चांगली गुटगुटीत वाटत होती.

कारण खाण्यात सापडलं. दुकानातल्या तयार मिश्रणात सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे आणि रंगीत गोळ्या होत्या. बाई बिया तेवढ्या वेचायच्या, बाकीचं गालात भरून घरट्याच्या कोपऱ्यात पुरायच्या. वाटी रिकामी दिसली की आम्ही खूश. साठा उकरला तेव्हा महिन्याभराच्या गोळ्या तशाच निघाल्या, कडक. त्या फोडणं तिच्या दातांना झेपत नव्हतं. समोरचे दात आयुष्यभर वाढतात, पण म्हातारपणी जबड्यात जोर राहत नाही आणि दात वेडेवाकडेही होतात. आता आठवड्यातून एकदा साठा तपासते. सगळा काढत नाही. अर्धा तिथेच ठेवते, नाहीतर ती रात्रभर शोधत फिरते.

मग मिश्रण घरीच करायला लागले. राळा, वरी, ज्वारी, थोडी नाचणी, साधे ओट्स, चिमूटभर जवस, भोपळ्याच्या दोन-तीन बिया. दिवसाला चहाचा एक सपाट चमचा पुरतो. त्याबरोबर बिनरंगाच्या हॅमस्टर-गोळ्या, पण कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, चुरून. राळ्याची अख्खी कणसं मिळाली तर घ्याच. दाणे ओरबाडण्यात तिची रात्र मजेत जाते. भिजवलेलं अन्न मात्र रात्री ठेवलं तर सकाळी उचलायचं. उन्हाळ्यात तेवढ्या वेळातही ते आंबतं, म्हणून मे महिन्यात दोन तासांनीच काढत होते.

वजन पुन्हा चढलं ते प्रथिनांनी. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, वाटाण्याएवढा, आठवड्यातून दोनदा. बिनमिठाचा टोफूही चालला. वाळलेल्या मीलवर्म अळ्या तिला सर्वात प्रिय, पण आमच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, अंडं एक वेळ ठीक, अळ्या माझ्या फ्रीजमध्ये नकोत. त्यामुळे अळ्यांचा डबा गॅलरीत, कपड्यांच्या चिमट्यांशेजारी. ख्रिसमसपर्यंत आकडा 39 वर आला.

गोड अजिबात नाही. ड्वार्फ जातींना, त्यातही कॅम्पबेल आणि तिच्या संकरांना, मधुमेह सहज होतो. आम्हाला दुकानदाराने विंटर व्हाइट, म्हणजे थंडीत फर पांढरी होणारी जात, म्हणून दिली खरी, पण ती संकर नसेलच असं कोण सांगणार? (थंडीत पांढरी झाली नाही यावरून काही ठरत नाही. तो बदल दिवसाच्या लांबीवर असतो, आणि आमच्या हॉलचा दिवा रात्री साडेअकरापर्यंत चालू.) म्हणून केळं, द्राक्षं, मका बंद, गाजरसुद्धा बंद. काकडीची पातळ चकती, फ्लॉवरचा तुरा, कोथिंबिरीची काडी एवढंच. लेकीने एकदा लाडाने डाळिंबाचे चार दाणे दिले आणि पाठोपाठ तिळू दोन दिवस खूप पाणी प्यायली. जास्त पाणी, जास्त लघवी आणि घटतं वजन ही मधुमेहाची खूण, म्हणून औषधाच्या दुकानातून लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या आणल्या. स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात तिला पाच मिनिटं ठेवलं की थेंब मिळतोच. साखर निघाली नाही. पट्ट्यांची बाटली घरात असू द्या.

पाण्याच्या बाटलीवर माझा राग आहे. नळीतली गोळी जिभेने ढकलायला जोर लागतो, मान वर करावी लागते. तिळू नळी चाटत बसायची आणि पातळी हलायची नाही. लोणच्याच्या बरणीचं चिनीमातीचं झाकण उलटं करून त्यात पाणी ठेवलं, त्या रात्रीपासून ती नीट प्यायला लागली. वाळू उडून पाणी घाण होतं, दिवसातून दोनदा बदलावं लागतं.

घराबद्दल थोडक्यात. दुमजली तारेचा पिंजरा म्हाताऱ्या हॅमस्टरला अजिबात नको. वरच्या मजल्यावरून ती एकदा पडली, तेव्हाच तो भंगारात दिला. आता माशांची जुनी काचपेटी आहे, तीन फुटी, सगळं एका पातळीवर. तळाला कागदाचा मऊ चुरा, एका बाजूला आठ इंच खोल, म्हणजे बीळ करता येतं. चाक 20 सेंटीमीटरचं, आतून सलग, गजांचं नाही. ते चुऱ्यात खुपसून कड जमिनीला टेकवली, त्यामुळे चढताना पाय अडकत नाहीत. एका डोळ्याला दिसत नाही म्हणून वस्तूंच्या जागा बदलत नाही. साफ करतानाही जुना चुरा थोडा परत टाकते, तिचा स्वतःचा वास राहायला हवा.

प्राण्यांच्या दुकानाने थंडीसाठी रंगीत कापूस गळ्यात मारला होता. घेऊ नका. त्याचे तंतू पायाला गुंडाळले जातात, गालाच्या पिशवीत अडकतात. बिनवासाचा टॉयलेट पेपर फाडून टाका, ती स्वतः गादी करते.

थंडीचा विषय निघालाच आहे तर जानेवारीतली ती सकाळ. पुण्यात पहाटे पारा नऊ-दहापर्यंत उतरला होता. लेक पेटीपाशी गेली आणि म्हणाली, "आई, तिळू गार पडलीय." हातात घेतली तर खरंच गार, वळकटी झालेली, डोळे बंद. खड्डा कुठे खणायचा हा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. मग मिशा किंचित हलल्या. थंडी आणि अन्नाची चणचण असली की हे प्राणी शरीराचं तापमान पाडून निपचित होतात, त्याला टॉर्पर म्हणतात. ओढणीत गुंडाळून दोन्ही तळव्यांत धरून बसले. हेअर ड्रायर नाही, गरम पाणी नाही, फक्त अंगाची ऊब. पाऊण तासाने ती थरथरायला लागली, मग डोळा उघडला, आणि पहिलं काम काय केलं तर माझ्या अंगठ्याला चावली. त्या दिवसापासून पेटी गॅलरीच्या दारापासून लांब, आणि झोपायच्या आधी भिजवलेल्या ओट्सचा घास नक्की. तुमचा हॅमस्टर सकाळी निपचित दिसला तर आधी ऊब द्या, घाईने निष्कर्ष काढू नका, आणि डॉक्टरांना दाखवा.

मे महिन्यात उलटा प्रश्न. ओट्याच्या कामातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा पेटीत ठेवला, दुपारभर ती त्यावर पोट टेकून चपाती होऊन पडायची. फरशीवर पेटी, खिडकीला ओला पडदा. कूलरचा झोत थेट मारू नका.

डॉक्टर शोधणं हा सगळ्यात जड भाग. जवळच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं बघतात, त्यांनी प्रामाणिकपणे दुसरीकडे पाठवलं. छोट्या प्राण्यांचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण नखं कापणं आणि दात बघणं तिथेच करते. एक दुकानदार तिळूच्या शिंकांवर अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची पुडी देत होता. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि जनावर दगावू शकतं. शिंका तर चुऱ्याच्या धुळीच्या होत्या, चुरा चाळून घेतल्यावर थांबल्या.

परत घ्यायची वेळ आली तर वजनकाटा, मोठं चाक आणि काचपेटी एवढंच घेईन. आता तिळू 24 महिन्यांची, वजन 34. ती चाकावर बसते, फिरवत नाही. अळीचा डबा वाजला की मात्र झोपेतून उठून येते, म्हणून तो अजून चिमट्यांशेजारीच आहे.